यादीत काय नाही, तेही लिहा

८-अ चा उतारा काढला आणि त्यात आपली जमीनच दिसली नाही की माणसाच्या पोटात गोळा येतो. बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या गावांत ज्यांची थोडीफार वडिलोपार्जित जमीन आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जमीन गेली का? कुणी परस्पर नावावर करून घेतली का? मग तलाठी मान वर न करता विचारतात, "कुठल्या गावाचा काढलात?" (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तोंडात जुनाच शब्द बसलाय.) बरेचदा उत्तर तिथंच सापडतं. जमीन शेजारच्या गावच्या हद्दीत असते आणि उतारा या गावचा असतो. जमीन जागेवर आहे, यादीही बरोबर आहे. ती यादी नेमकी कशाची, एवढंच बघायचं राहून गेलेलं असतं.

हे आठवायला कारण माझं सध्याचं काम. मी सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते, आमच्या धंद्यात त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. सध्या हातात एक अगदी छोटं साधन आहे. क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या संगणकांवर भाड्यानं ठेवलेले आपले डेटाबेस कोणकोणते, याची यादी ते देतं. बस्स, एवढंच. गंमत म्हणजे ते माणसांसाठी नाहीच. ते एआय एजंटसाठी आहे. एजंट म्हणजे तुम्ही काम सांगायचं आणि त्यानं पायऱ्या स्वतः ठरवून ते पुरं करायचं, अशा तऱ्हेचा प्रोग्रॅम.

अशी साधनं आता बरीच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. तिच्यात एजंट आधी सर्व्हरला विचारतो, "तुझ्याकडे कुठली साधनं आहेत?" सर्व्हर यादी देतो: साधनाचं नाव, त्याचं वर्णन, आणि ते वापरायला काय काय माहिती द्यावी लागेल. गूगलचा एमसीपी टूलबॉक्स फॉर डेटाबेसेस हा मुक्त प्रकल्प आहे. त्यात क्लाउड एसक्यूएल या सेवेतल्या डेटाबेसची यादी देणारं असंच एक साधन आहे. त्याला दोन गोष्टी सांगायच्या, प्रोजेक्ट कुठला आणि इन्स्टन्स कुठला. ते डेटाबेसची नावं देतं, आणि नावासोबत अक्षरसंच व कोलेशन, म्हणजे अक्षरं कशी साठवली आहेत आणि त्यांचा क्रम कसा लावायचा ते.

आता याचं वर्णन काय लिहायचं? "इन्स्टन्समधले सर्व डेटाबेस दाखवते." एका ओळीत काम झालं, चहा प्यायला मोकळे. पण मी अडकले ती "सर्व" या शब्दापाशी.

माणूस वाचक असला तर अर्धवट लिहिलेलंही चालून जातं. त्याला शंका आली तर तो शेजारच्या टेबलावर विचारतो. एजंटला शेजारी नाही. वर्णनात जे लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक. आणि तो वाचून थांबत नाही, पुढचं काम करतो. समजा कुणी त्याला सांगितलं, "ग्राहकांचा डेटाबेस नसेल तर नवा बनव." त्यानं यादी मागितली, प्रोजेक्टचं नाव दुसरंच दिलं, यादीत ग्राहकांचा डेटाबेस नाही. झालं! नवा कोरा डेटाबेस तयार. उद्यापासून अर्ध्या नोंदी इकडे, अर्ध्या तिकडे. इथं तलाठ्यासारखं "कुठल्या गावाचा काढलात?" विचारणारं कुणी बसलेलं नाही. तो प्रश्न मलाच वर्णनात आधी लिहून ठेवायला हवा.

म्हणून मी आपल्या जुन्या याद्यांकडे नव्यानं बघायला लागले.

८-अ घ्या. मुंबई इलाख्यात जमिनीच्या अधिकार अभिलेखाचा कायदा १९०३ साली झाला. पुढे गावपातळीवरच्या हिशेबांचे नमुने ठरत गेले. महसूल खात्यातली जुनी माणसं अजून "अँडरसन मॅन्युअल" म्हणतात ते पुस्तक एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याचं. गावचे, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे महसुली हिशेब कसे ठेवायचे याचं ते पुस्तक. खरं सांगायचं तर तेही डॉक्युमेंटेशनच! कुठल्या नमुन्यात काय लिहायचं, तो कशासाठी, कुठला नमुना कुठल्या नमुन्यावरून तयार होतो, हे त्यात. आज आपण ७/१२ म्हणतो ते गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून. ७ मध्ये अधिकार, १२ मध्ये पिकं. नमुना ६ फेरफारांचा. आणि ८-अ म्हणजे एका खात्यावर त्या गावात कुठकुठले गट किंवा सर्व्हे नंबर आहेत त्याची यादी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं लिस्टिंग टूलच म्हणा ना!

या यादीला तीन कुंपणं आहेत. पहिलं गावाचं. शेजारच्या गावातली जमीन त्यात येणार नाही. दुसरं खात्याचं. त्याच गावात त्याच माणसाचं भावांबरोबर सामाईक खातं असेल तर त्याचा खाते क्रमांक वेगळा आणि उतारा वेगळा. तिसरं कुंपण सगळ्यात फसवं. नगर भूमापन झालेल्या भागात मिळकतीची नोंद मालमत्ता पत्रकात असते आणि ते भूमी अभिलेख खात्याकडे असतं. ती मिळकत शोधायला ८-अ कितीही वेळा काढा, दिसायची नाही. तो उताराच निराळ्या कपाटातला.

आता माझ्या साधनाकडे या. पहिलं कुंपण प्रोजेक्ट आणि इन्स्टन्सचं. दुसरं, कुणाच्या नावानं आणि कुठल्या परवानगीनं विचारलं त्याचं. तिसरं सेवेचं. क्लाउड एसक्यूएलची यादी मागितली तर स्पॅनर किंवा बिगक्वेरी यांच्यातलं काही त्यात येणार नाही, मग ते त्याच प्रोजेक्टमध्ये का असेना. कुंपणं तीच. फरक एवढाच, की ८-अ च्या कागदावर वरती गाव, तालुका, जिल्हा ठळक छापलेले असतात. मी वर्णनात नुसतं "सर्व" लिहिलं तर एजंटला कुंपण दिसणारच नाही.

नावांचाही घोळ आहेच. आमच्या स्टेशनचं नाव बदलापूर, नगरपरिषदेचं नाव कुळगाव-बदलापूर, आणि जमिनीच्या नोंदीत कात्रप, बेलवली, मांजर्ली अशी गावं आपापल्या नावानं नांदतात. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव असं ओळीनं निवडत जावं लागतं. बाहेरून आलेल्या माणसानं "बदलापूर" निवडून कात्रपची जागा शोधली तर हाती काही लागणार नाही. यादी नुसती नावं देते, त्या नावांच्या पोटात काय आहे ते सांगत नाही. डेटाबेसचंही तसंच. "टेस्ट" नावाच्या डेटाबेसमध्ये खरे व्यवहार चालू असलेले असू शकतात. नावावरून आतल्या मालाची खात्री धरू नये, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकतच इथली पोरं मोठी होतात!

संगणकाच्या जगात हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांत एडगर कॉड यांचं नाव घ्यावं लागतं. आयबीएममधल्या या गणितज्ञानं १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. आज आपण वापरतो त्या बहुतेक डेटाबेसचा पाया तोच. पुढे १९८५ मध्ये त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे बारा नियम सांगितले. (मोजायला गेलं तर तेरा भरतात, कारण त्यांनी शून्यापासून सुरुवात केली.) त्यातला चौथा नियम असा, की डेटाबेसमध्ये काय काय आहे याची माहितीही साध्या माहितीसारखीच तक्त्यांत ठेवलेली असावी, आणि अधिकार असलेल्या माणसाला ती त्याच भाषेत विचारता यावी. म्हणजे दफ्तराची यादी दफ्तरातच, आणि वाचायची रीतही तीच. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणात यासाठी इन्फर्मेशन स्कीमा नावाची ठरीव जागा आली.

"अधिकार असलेल्या माणसाला" हे शब्द तेव्हापासून तिथं आहेत, आणि खरी गोम त्यांच्यातच आहे. मायएसक्यूएलमध्ये "शो डेटाबेसेस" म्हटलं की ज्यांच्यावर तुमचा काही ना काही हक्क आहे तेवढेच डेटाबेस साधारणपणे दिसतात. सगळे दिसायला वेगळी परवानगी लागते. पोस्टग्रेसमध्ये उलट. तिथं डेटाबेसच्या नावांची यादी कुणालाही दिसते, आत शिरायला मात्र परवानगी हवी. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. पण पहिल्या ठिकाणी "यादीत नाही" याचा अर्थ "तुला दिसत नाही" असा होऊ शकतो आणि दुसऱ्या ठिकाणी तसा होत नाही. रिकामी यादी दोन्हीकडे सारखीच दिसते. तिचा अर्थ सारखा नाही.

यादीत नसणं आणि मुळातच नसणं यातलं अंतर ज्या गावानं भोगलंय ते गाव आमच्यापासून लोकलनं दोन स्टेशनं पुढे आहे.

उल्हासनगर हे आधी कल्याण कॅम्प होतं. दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्करी छावणी, दोन हजारांहून जास्त बॅरेक. फौजेनं शिस्तीत नंबर टाकले होते, एक इमारत एक नंबर. युद्ध संपलं, छावणी ओस पडली. मग १९४७ ची फाळणी झाली आणि सिंधमधून निर्वासित आले, पुष्कळसे कराचीहून बोटीनं मुंबईला. त्यांना या बॅरेकींमध्ये ठेवलं गेलं. एकेका बॅरेकीत आडोसे घालून कित्येक कुटुंबं राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं. पण नंबर राहिले ते फौजेचेच. आजही तिथला पत्ता कॅम्प नंबर, बॅरेक नंबर, खोली नंबर असा सांगतात. सैनिकांच्या मुक्कामासाठी केलेली यादी, पण तिच्यावर अख्खं शहर उभं राहिलं. एक इमारत एक नंबर हा हिशेब माणसांच्या हिशेबाशी जुळेना, म्हणून नंबरापुढे नंबर जोडत जावं लागलं.

त्या लोकांपुढे दुसरी एक यादी होती आणि ती जास्त अवघड होती. मागे सोडून आलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे नोंदवून तपासण्यासाठी १९५० मध्ये कायदा झाला आणि भरपाईचा कायदा १९५४ मध्ये. दावा नोंदवायचा, पुरावा द्यायचा. पण मूळ नोंदी सीमेपलीकडच्या कचेऱ्यांत. ज्यांनी निघताना दस्त बरोबर घेतले त्यांचं एक, आणि जे नेसत्या वस्त्रानिशी निघाले त्यांचं दुसरं. दाव्यांच्या नोंदवहीत एखादी हवेली नाही याचा अर्थ ती हवेली सिंधमध्ये नव्हती, असा कसा लावणार? नोंदवही तरी दुसरं काय करणार म्हणा! पण ती वाचणाऱ्यानं "नोंद नाही" आणि "नव्हतंच" यातला फरक डोक्यात ठेवायलाच हवा. भरपाई त्या वहीवरून ठरायची होती. इथल्या जागांच्या हक्काचे प्रश्न पुढे किती लांबले ते वेगळं सांगायला नको. अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ मध्ये राज्याला एकट्या उल्हासनगरसाठी कायदा करावा लागला.

म्हणून मला वाटतं, यादी करणाऱ्यावर दोन ओझी असतात. एक म्हणजे आहे ते सगळं नीट लिहिणं. ते बहुतेक जण करतात. दुसरं म्हणजे ही यादी कुठपर्यंत पाहून केली, कुणाच्या नजरेनं केली आणि कधी केली ते सांगणं. हे दुसरं हमखास राहून जातं, कारण यादी करणाऱ्याला ते ठाऊकच असतं. पण यादी ज्याच्यासाठी असते त्याला ते ठाऊक नसतं.

"कधी" हा शब्द मी मुद्दाम घातलाय. त्यासाठी अंबरनाथच्या देवळात जाऊ. वालधुनीच्या काठचं हे शिलाहारांचं शिवमंदिर. त्यात एक संस्कृत शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यावरचा शक त्यांना ७८२ वाटला, म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासून ९८२ वाचला, म्हणजे इसवी सन १०६०. आज हेच वर्ष मानलं जातं. झिजलेल्या दगडावरचा एक आकडा, आणि देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आलं! दोघेही मोठे विद्वान, आणि ज्ञान असंच पुढे सरकतं. पण विचार करा, मधल्या काळात कुणी आपल्या यादीत नुसतं "अंबरनाथ, इ. स. ८६०" असं उतरवून घेतलं असेल आणि कुणाच्या वाचनावरून ते लिहिलं नसेल, तर दुरुस्ती झाली हे त्या यादीच्या वाचकाला कळायचं कसं? जेम्स बर्जेस यांनी १८८५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या प्राचीन अवशेषांची यादी छापली आणि हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये ती सुधारून पुन्हा काढली. बारा वर्षांत यादी सुधारावी लागते, हे त्या लोकांनी कबूलच केलं होतं. क्लाउडवर बारा मिनिटंही खूप झाली. एजंटनं सकाळी घेतलेली यादी दुपारी खरी असेलच असं नाही.

राहिले ते दोन कंटाळवाणे रकाने, अक्षरसंच आणि कोलेशन. ते गाळून टाकावेत असं पुष्कळांना वाटतं. मराठी माणसानं तरी तसं वाटून घेऊ नये! मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत ठरीव अक्षरसंच लॅटिन-१ असायचा. त्यात देवनागरी बसत नाही. आपण "उल्हासनगर" भरायचं आणि परत वाचायला गेलं की प्रश्नचिन्हांची रांग, हे ज्यांनी त्या काळात मराठी संकेतस्थळं चालवली त्यांना पक्कं आठवत असेल. आणि प्रश्नचिन्ह झालेलं नाव परत मिळत नाही, तिथं मूळ अक्षर उरलेलंच नसतं. एजंटला यादीतच "लॅटिन-१" दिसलं आणि त्याचा अर्थ वर्णनात सांगितलेला असला, तर मराठी नावं तिथं भरण्याआधी तो थांबेल. नुसता रकाना दाखवून उपयोग नाही, तो कशासाठी दाखवलाय तेही सांगायला हवं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा साधनासाठी एवढा काथ्याकूट? नुसती यादीच तर आहे, काही पुसत नाही की मोडत नाही. बरोबर. पण पुसणारा आधी यादीच बघतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एआय एजंटनं एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकल्याची बातमी जगभर गाजली. त्यातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट पुसण्याची नव्हती. माहिती परत आणता येणार नाही असं त्या एजंटनं सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात ती परत आणता आली. "नाही" हा शब्द त्यानं पुरती चौकशी न करता वापरला. माणसंही असं करतात. पण माणूस "नाही" म्हणताना निदान त्याचा चेहरा तरी दिसतो.

असो. तर मी शेवटी जे वर्णन लिहिलं ते साधारण असं आहे:

"दिलेल्या प्रोजेक्टमधल्या दिलेल्या एकाच इन्स्टन्समधले डेटाबेस दाखवते. दुसरे इन्स्टन्स, दुसरे प्रोजेक्ट किंवा दुसऱ्या सेवांमधले डेटाबेस यात येत नाहीत. यादी विचारल्या क्षणाची आहे. काही बदलण्याआधी पुन्हा विचारावी. परवानगी नसेल तर चूक कळवली जाते. ती चूक म्हणजे रिकामी यादी समजू नये. हवा तो डेटाबेस यादीत नसेल तर नवा बनवण्याआधी प्रोजेक्ट आणि इन्स्टन्स बरोबर आहेत का ते वापरणाऱ्याला विचारावं. नावावरून आत काय आहे ते ठरवू नये."

तपासणाऱ्यानं लांबी बघून कपाळाला आठ्या घातल्या. त्याचंही खरं आहे. एजंटला एका वेळी पन्नास साधनांची वर्णनं वाचावी लागतात, प्रत्येकानं असा पाल्हाळ लावला तर त्याच्या कामाचा धागा हरवेल. मग आम्ही बसून कातरी लावली. "काही बदलण्याआधी पुन्हा विचारावी" हे बदल करणाऱ्या साधनांच्या वर्णनात हलवलं, कारण त्याची गरज तिथं जास्त. नावाबद्दलचं वाक्य माणसांच्या माहितीपत्रकात गेलं. यादी कशाची आहे आणि नसण्याचा अर्थ काय, ही वाक्यं मात्र मी सोडली नाहीत.

आठवडाभरानं त्याच तपासणाऱ्यानं दुसऱ्या एका साधनाचं वर्णन माझ्याकडे पाठवलं. त्यात "सर्व" या शब्दावर त्यानं स्वतःच लाल खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "कुठल्या गावाचे?"